लिफ्टमधलं लिफ्टमध्येच

आमच्या भिंतीपलीकडचे भाऊजी आयुष्यभर लिफ्ट चालवत होते. मोठ्या इस्पितळाची लिफ्ट. लोखंडी जाळीचं दार ओढायचं, बटण दाबायचं आणि तोंड दाराकडे, पाठ माणसांकडे करून उभं राहायचं. बसायला एक स्टूल दिलेलं होतं, पण त्यावर पेशंटचे नातेवाईकच बसायचे. इस्पितळात कुणाच्या पायातलं बळ कधी जाईल याचा नेम नाही, असं भाऊजी म्हणायचे.

नात्याने ते माझे कुणी नाहीत. त्यांची बायको आणि मी एकाच सुमाराला सुना म्हणून या इमारतीत आलो. ती मला वहिनी म्हणायची, मग तेही म्हणायला लागले आणि माझे ते भाऊजी झाले. बाकी सगळ्या इमारतीचे ते लिफ्टकाका.

आता मला सांगा, इस्पितळाच्या लिफ्टमध्ये माणूस काय बोलत नाही? वर जाताना देवाला गळ घालतात, खाली येताना एकमेकांचा गळा धरतात. म्हातारा वर अजून श्वास घेत असतो आणि दोघे भाऊ खाली येईपर्यंत घराची वाटणी करून मोकळे. आणि ज्यांच्याजवळ बोलायला कुणी नसतं, ते रडतात. दोन मजल्यांच्या मध्ये ओळखीचं माणूस भेटायची भीती नसते ना. भाऊजींच्या कानावर सगळं पडायचं, पण ते वळायचे नाहीत. मागे हुंदका आला की खिशातून धुतलेला रुमाल काढायचा आणि न वळता हात मागे करायचा. रुमाल कुणी घेतला ते बघायचं नाही. परत आला तर आला.

घरी त्यांची बायको ते ओले रुमाल धुवायची आणि माझ्याकडे येऊन म्हणायची, "बाई, यांना बारा महिने सर्दी कशी हो असते?" बिचारी कितीतरी वर्षं त्यांना गरम पाण्याची वाफ देत होती. तेही डोक्यावर टॉवेल घेऊन मुकाट्याने वाफ घ्यायचे. खरं काही सांगितलं नाही.

तिचं दुसरं दुखणं म्हणजे नवरा घरी एक बातमी आणत नाही. "अख्खं शहर यांच्या पाठीमागे वर-खाली करतं. आणि विचारलं आज काय झालं, तर म्हणतात, वर गेलो, खाली आलो! वहिनी, माझ्या नवऱ्यापेक्षा ती लिफ्ट बरी. निदान करकर तरी करते."

भाऊजी हसायचे. म्हणायचे, "लिफ्टमधलं लिफ्टमध्येच."

ती बोलकी होती, पण चार भिंतींच्या आत. परकं माणूस दिसलं की तिची दातखीळ बसायची. फोटोचं तर नावच नको. कुणी काढायला लागलं की हात तोंडावर. लेकीच्या लग्नाच्या फोटोत आईचा नुसता कोपर आहे. तो कोपर भाऊजींनी चौकटीत लावून भिंतीवर टांगला आहे. लोक विचारतात, यात आई कुठे? ते बोट ठेवून दाखवतात.

गेलीसुद्धा तशीच, कुणाला न सांगता. दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत मटार सोलता सोलता. भांडं मांडीवर तसंच. एक दाणा सांडला नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारच्या वेळी मला भिंतीतून बोलणं ऐकू यायला लागलं. आमच्या दोन घरांमधली भिंत म्हणजे बिस्किटाएवढी जाड. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. भाऊजींचाच आवाज, पण कधी न ऐकलेला. बाजारातून आलेलं माणूस पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागतं ना, तसा.

एक दिवस मी विचारलंच, "भाऊजी, दुपारचं कोण येतं हो तुमच्याकडे?"

"कोण येणार? ती आहे ना," म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. मग हळूच म्हणाले, "जन्मभर बातम्या मागत राहिली, वहिनी. आता रोज एक सांगतो. आता सांगायला हरकत नाही. तिच्याकडून आता काही बाहेर जायचं नाही."

"आणि ती काय म्हणते?"

"म्हणते, अहो, एवढं सगळं पोटात घेऊन झोपायचात तरी कसे!"

मी हसले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख होतं, की हसण्याशिवाय दुसरं काही करणं पाप झालं असतं. दुपारचं ते घटकाभर बोलणं एवढाच त्यांचा संसार उरला होता.

मग ते बाथरूममध्ये घसरून पडले. हाड वाचलं, पण त्यांची लेक घाबरली. तिचं नाव काहीही असो, आम्ही सगळे तिला बेबीच म्हणतो, केस पिकायला लागले तरी. राहते लांबच्या शहरात, मनाने सोनं. ती आली आणि कपाटावर एक कॅमेरा बसवून गेली. कांद्याएवढा असेल. तिकडे कचेरीत बसून तिला फोनवर इकडचे बाबा दिसणार.

कॅमेरा बसवला त्या दिवशी बेबी आणि भाऊजी आमच्याकडे चहाला आले आणि स्वयंपाकघरात चर्चासत्र भरलं. माझी नात कॉलेजात जाते, तिने तोंड उघडलं. "आजी, या कॅमेऱ्यातलं सगळं त्या कंपनीकडे जातं. ते लोक ठेवून घेतात. काकांना कुणी विचारलं तरी का?"

माझी सून विम्याच्या कचेरीत आहे. ती म्हणाली, "कंपनीला काकांचं काय करायचंय? ते चहात साखर किती घालतात ते? काळजी मोठ्या लोकांनी करावी. आपण साधी माणसं. कर नाही त्याला डर कशाला?"

"मग आई, तू बाथरूमचं दार का लावतेस? आत काय चोरी करतेस?"

"आगाऊपणा बंद कर!"

"उत्तर नाही म्हणून रागावतेस."

"बाबा पडले तर मला कळायला नको का गं?" बेबी कळवळून म्हणाली. "त्या दिवशी किती वेळ फरशीवर पडून होते, अजून सांगत नाहीत. मला झोप लागत नाही."

भाऊजी बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "बघू दे तिला. बाप उभा आहे की आडवा, एवढंच तर बघायचंय."

त्यांना कॅमेऱ्याची धास्ती नव्हती याला कारण होतं. नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांच्या लिफ्टमध्येही कॅमेरा बसला होता. बसवणाऱ्याला त्यांनी हैराण केलं होतं, याला ऐकू येतं का, ऐकू येतं का. तो शेवटी वैतागून म्हणाला, "काका, बहिरा आहे तो. नुसता बघतो." तेव्हा कुठे यांनी शिडी धरली. त्या दिवसापासून भाऊजींच्या लेखी जगातले सगळे कॅमेरे बहिरे. ऐकू येतं की नाही, हे त्यांनी बेबीला विचारलंच नाही. जे माहीत आहे ते माणूस कशाला विचारेल? आणि बेबीला वाटलं, हे तर कुणालाही माहीत असतं.

फक्त ओठ हललेले दिसू नयेत एवढी काळजी त्यांनी घेतली. नाहीतर लेकीला वाटायचं, बापाच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणून त्यांनी बायकोची खुर्ची खिडकीशी नीट सरकवली, समोर स्वतःचं स्टूल मांडलं आणि कपाटाकडे पाठ करून बसले. जन्मभर उभे राहिले तसे.

एका संध्याकाळी नात फोन घेऊन माझ्याजवळ आली. "आजी, हे बघ." फोनमध्ये भाऊजींची पाठ. पांढरं डोकं, खांद्यावर विरलेला सदरा, पुढे रिकामी खुर्ची. आणि आवाज! भिंतीतून मला जो नुसता सूर यायचा, तो इथे शब्दांसकट.

"अगं, चौथ्या मजल्यावरची ती बाई आठवते? कशी आठवेल, मी सांगितलंच कुठे! तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. नखांत कायम काळं. रोज संध्याकाळी निळा थर्मास घेऊन यायचा. लिफ्टमध्ये शिरला की रडायचा, आणि तिसरा मजला गेला की भिंतीच्या चकचकीत पत्र्यात बघून हसायची तालीम करायचा. खरी तालीम गं, एकदा ओठ असे, एकदा तसे. मला म्हणायचा, तिला काय झालंय ते तिला माहीत नाही, तुम्ही काही बोलू नका. आणि सकाळी तिला चाकाच्या खुर्चीवरून खाली तपासायला न्यायचे, तेव्हा ती रडायची. म्हणायची, मला सगळं माहीत आहे हो, पण त्यांना वाटतं माहीत नाही. वाटू द्या. तेवढ्यावरच ते उभे आहेत. दोघांनाही मी रुमाल दिला. सकाळी तिला, संध्याकाळी त्याला. तू धुतलेलेच."

मी रडले. आमची सून, जी कचेरीत लोकांच्या मरणाच्या कागदांवर शिक्के मारते, तीही ओट्याला टेकून रडली. बेबी दुपारी डबा खाताना बाबा काय करताहेत म्हणून बघायला गेली होती, आणि हे ऐकून तिला राहवलं नाही, तिने ते फोनवरून सगळ्या जगासाठी टाकलं. वर तिने लिहिलं होतं, "आई गेली, पण बाबा अजून तिच्याशी बोलतात." झालं. वाऱ्यालाही जमणार नाही असं ते पसरलं. कुठल्या कुठल्या माणसांनी अश्रू पाठवले, बदाम पाठवले.

नात तेवढी रडली नाही. ती म्हणाली, "आजी, काकांना हे माहीत आहे?"

त्यांना ते औषधाच्या दुकानात कळलं. दुकानदार म्हणाला, "काका, आमच्या घरी सगळ्यांना रडवलंत तुम्ही." आणि फोन पुढे केला. भाऊजी औषधाची पिशवी घेऊन सरळ माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, त्याला ऐकू येतं?"

मला आधी कळेना.

"कपाटावरच्याला. त्याला ऐकू येतं?"

मी काय बोलणार! "येतं, भाऊजी."

ते दारातच खाली बसले. चपला ठेवतो त्या फळीवर. पिशवीतल्या गोळ्या सांडल्या, त्याही उचलल्या नाहीत.

बेबी पुढच्या सुट्टीला धावत आली. तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण बापासमोर बसली तेव्हा आपली बाजू मांडायला ती चुकली नाही, आणि तिची बाजू काही खोटी नव्हती.

"बाबा, एवढ्या लोकांनी लिहिलंय, एकानेही वाकडा शब्द लिहिला नाही. एक बाई म्हणते, तुमच्यामुळे मी नवऱ्याशी पुन्हा बोलायला लागले."

"तू जे वाटून टाकलंस ते माझं नव्हतं, बेबी."

"म्हणजे?"

"मी पडलो, रडलो, उघडा बसलो, ते दाखवायचं होतंस. बाप तुझा आहे. ते दोघं तुझे कोण?"

"त्यांचं नावसुद्धा नाही हो त्यात! आणि इतक्या वर्षांनी कोण ओळखणार? साधी माणसं ती."

"मोठ्या माणसाला सगळे ओळखतात," भाऊजी म्हणाले. "साध्याला ओळखणारं एखादंच असतं. पण ते ओळखतंच."

बेबीने तिथल्या तिथे ते काढून टाकलं. पण तोवर दुसऱ्यांनी उचललं होतं. नात म्हणाली, कुणीतरी मागे व्हायोलिनही घातलंय. भाऊजींच्या पाठीला व्हायोलिन! त्यांची बायको असती तर हसून हसून लोळली असती, आणि मग आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसली असती.

दुपारी भिंत मुकी झाली, ती भाऊजी औषधाच्या दुकानातून परतले त्या दिवसापासूनच.

त्यानंतर काही दिवसांनी मी भाऊजींकडे सूप घेऊन गेले होते, तेव्हा बेल वाजली. मीच दार उघडलं. एक म्हातारे गृहस्थ, हातात काठी, अंगात स्वच्छ कोट. "लिफ्ट चालवायचे ते इथे राहतात का? इस्पितळात विचारत विचारत आलो." काठीवर हात होता. नखांत काळं होतं. मला त्यांनी आणखी काही सांगायची गरज उरली नाही.

भाऊजींनी त्यांना खुर्ची दिली, बायकोची नव्हे, दुसरी. दोघं समोरासमोर बसले आणि कुणालाच कुणाचा चेहरा ओळखीचा वाटेना.

"नातसुनेनं दाखवलं," गृहस्थ म्हणाले. "म्हणाली, आजोबा, किती गोड आहे बघा."

"ती गोष्ट तुमची नाही हो," भाऊजी घाईने म्हणाले. "लिफ्टमध्ये शेकडो माणसं येतात."

"निळा थर्मास?"

"थर्मास सगळेच आणतात."

"घड्याळं?"

भाऊजींनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"तुमचं तोंड मी कधी बघितलंच नाही," ते म्हणाले. "पण ही पाठ? रोज संध्याकाळी या पाठीसमोर रडलोय मी. बायको जाऊन इतकी वर्षं झाली, तिचा आवाज आठवेनासा झालाय, पण ही पाठ मी कुठेही ओळखीन." मग जरा थांबले. "मी भांडायला आलो नाही. एकच विचारायचंय. तिला खरंच माहीत होतं?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. बुडणारा माणूस काठावरच्याकडे बघतो तसं. आयुष्यात ते गप्प खूप राहिले होते, खोटं आजच्याआधी कधी बोलले नव्हते.

"नव्हतं माहीत," ते म्हणाले. "मी बायकोला रंगवून सांगत होतो. गोष्ट चांगली व्हावी म्हणून."

"हो का? मग बरं झालं," गृहस्थ म्हणाले आणि हसले. ते हसू मी पहिल्यांदाच बघत होते, पण लगेच ओळखलं. एकदा ओठ असे, एकदा तसे. तालीम अजून सुटली नव्हती.

ते हसू फार वेळ टिकलं नाही. काठीच्या मुठीकडे बघत ते म्हणाले, "माझ्या हातून जन्मात फारसं काही झालं नाही. पण वाटायचं, एक गोष्ट जमली. तिला कळू दिलं नाही. हसत गेली बिचारी. त्यावर मी इतकी वर्षं जेवलो, झोपलो. आणि ती माझ्यासाठी हसत होती! मी संध्याकाळी एकटा रडायचो, ती सकाळी एकटी. एका लिफ्टमध्ये, एका माणसामागे. एकमेकांना सांगितलं असतं तर एकत्र तरी रडलो असतो हो."

सूप थंड झालं.

ते निघाले तेव्हा भाऊजी म्हणाले, "खाली सोडतो." आमच्या इमारतीला आता छोटी लिफ्ट आहे. मीही आत शिरले, कारण भाऊजींचे पाय मला बरे दिसेनात. सवयीने ते दाराकडे तोंड करून बटणापाशी उभे राहिले, पाठ आमच्याकडे. लिफ्ट हलली आणि माझ्या शेजारचा तो म्हातारा रडायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. भाऊजी वळले नाहीत. त्यांचा हात खिशात गेला, खिसा चाचपला, दुसरा खिसा चाचपला. बायको गेल्यापासून रुमाल कोण ठेवणार खिशात! तरी हात मागे आलाच. रिकामा. तसाच उघडा राहिला, खालचा मजला येईपर्यंत. गृहस्थांनी त्या हाताकडे बघितलं. मग दार उघडलं आणि ते काठी टेकत निघून गेले. मागे वळून बघितलं नाही.

बेबीने कॅमेरा काढून नेला. पुन्हा पुन्हा फोन करते, "बाबा, आता काही नाही तिथे, बोला ना आईशी." रडते. ते म्हणतात, "हो बेबी, बोलतो." पण मी भिंतीला कान लावून बसलेली असते. भिंतीतून फक्त घड्याळ ऐकू येतं.

आमच्या घरची चर्चाही अजून मिटलेली नाही. सुनेने फोनच्या कॅमेऱ्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवली आहे. नात म्हणते, "आई, त्याला ऐकू तर येतंच." पूर्वी सून तिला आगाऊ म्हणाली असती. आता म्हणत नाही. मी साधी बाई, मला कंपन्यांचं काही कळत नाही. मला एवढंच दिसतं, की साध्या माणसाजवळ चोरलेलं काही नसतं, पण दुसऱ्यांनी ठेवायला दिलेलं बरंच असतं.

परवा मी भाऊजींना सरळच म्हटलं, "बोला हो तिच्याशी. वाट बघत असेल ती."

त्यांनी भिंतीवरच्या कोपराकडे बघितलं. "एवढ्या लोकांपुढे ती कशी बसेल, वहिनी? लेकीच्या लग्नातसुद्धा बसली नाही."

आता दुपारी मी त्यांना आमच्याकडे बोलावते. ते येतात, स्टूल ओढतात आणि खिडकीकडे तोंड करून बसतात. मी मटार सोलत असते. पाठीमागून विचारते, "काय भाऊजी, आज काय झालं?"

"काही नाही," ते म्हणतात. "वर गेलो, खाली आलो."